चित्रकार आबालाल रहिमान

बुटीबोरीच्या आसपास राहणाऱ्या आमच्या वाचकांस पऱ्हाटीचीं शेतें, बांधावरचीं बाभळीचीं झाडें आणि त्यांपलीकडील कारखान्यांचीं धुराडीं नित्य दिसतात; आणि नित्य दिसतात म्हणूनच तीं निरखून पाहणें होत नाहीं. असें रोजचें दृश्य पाहण्यांत ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें, अशा एका पुरुषाचें चरित्र आज आम्ही थोडक्यांत सांगतों.

आबालाल रहिमान हे कोल्हापूरचे. त्यांच्या घराण्यांत कुराणाच्या प्रती हातानें लिहिण्याची परंपरा होती. अक्षराचें वळण व पानाची सजावट यांचे संस्कार त्यांस घरींच मिळाले. कोल्हापुरांत अशी हकीकत सांगतात कीं, तरुणपणीं ते एका इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्नीस भाषा शिकविण्यास जात असत. तेथें त्यांचीं चित्रें तिच्या दृष्टीस पडलीं, आणि त्यामुळें त्यांचा मुंबईस जाण्याचा मार्ग मोकळा झाला. मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंत त्यांचें शिक्षण झालें व १८८८ सालीं त्यांस व्हाइसरॉयचें सुवर्णपदक मिळालें.

असें पदक मिळाल्यावर मुंबईस राहून धनिकांच्या तसबिरी काढाव्या व द्रव्य मिळवावें, हा सरळ मार्ग होता. परंतु आबालाल कोल्हापुरास परतले व कोटितीर्थ तलावाच्या कांठीं साधेपणानें राहूं लागले. कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा घाट, पावसाळ्यांत पाण्यांत बुडणारा संध्यामठ, हेच त्यांचे विषय झाले. तलाव तोच, परंतु पहांटेच्या धुक्यांतील त्याचें पाणी निराळें आणि मावळतीचें निराळें. हा भेद ज्यास दिसला त्यास विषयांची वाण कशी पडावी? शाहू छत्रपतींनीं त्यांचे गुण ओळखून त्यांस दरबारचे चित्रकार नेमलें.

६ मे १९२२ रोजीं महाराज निवर्तले. त्या दुःखाच्या भरांत आबालालांनीं आपलीं पुष्कळ चित्रें कोटितीर्थांत बुडविलीं, असें सांगतात. ज्या पाण्यानें तीं दिलीं त्यासच तीं परत केलीं, असें कोणी म्हणेल; पण हें योग्य झालें असें आम्हांस म्हणवत नाहीं. मनुष्यास मिळालेली देणगी त्याच्या एकट्याची नसते; पुढें येणाऱ्यांचाही तीवर हक्क असतो. तरी ज्या एका माणसानें आपलें काम जाणलें तो गेल्यावर मन किती रितें होतें, हें ज्यांनीं भोगलें आहे ते त्यांस कठोर शब्द लावणार नाहींत. डिसेंबर १९३१ मध्यें आबालाल वारले. जीं चित्रें उरलीं तीं आजही रसिक आदरानें पाहतात, आणि बाबूराव पेंटर यांच्यासारख्या पुढील पिढीच्या कलावंतांनीं त्यांस मोठा मान दिला.

वाचकहो, आपल्या घरीं एखादें मूल कोळशानें भिंतीवर बैल किंवा झाड काढीत असेल, तर त्यास रागें भरण्यापूर्वीं तें चित्र क्षणभर पाहावें. आबालालांचीं चित्रें कोणीं तरी वेळेवर पाहिलीं, म्हणून कोल्हापूरचा तो तलाव अनेकांस दिसूं लागला. आपल्या शिवारास तसा डोळा लाभावयाचा असेल, तर आधीं आपणच थांबून पाहावयास शिकलें पाहिजे.