छात्रालयाचे साने गुरुजी

आपले पूर्वज मुंबई बंदरात जहाजावर चढले आणि मॉरिशसच्या किनाऱ्याला लागले. त्यांतील पुष्कळांची घरे कोकणात, रत्नागिरीच्या मुलखात होती. त्याच मुलखात दापोली तालुक्यात पालगड नावाचे गाव आहे. पूर्वजांच्या आगमनाच्या शताब्दीनिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत त्या गावच्या एका सुपुत्राचे चरित्र आम्ही सांगणार आहोत. पांडुरंग सदाशिव साने हे त्यांचे नाव. सारा महाराष्ट्र त्यांना साने गुरुजी म्हणतो. 'श्यामची आई'मुळे ते आपल्याही घरांत अनेकांना ठाऊक आहेत. परंतु आम्हाला आज आठवण करायची आहे ती लेखकाची नव्हे, तर मुलांचे छात्रालय सांभाळणाऱ्या आणि तरुणांचे पथक घेऊन गावोगाव फिरणाऱ्या गुरुजींची. कारण आपल्या मंडळांपुढे आज जो प्रश्न आहे, तोच त्यांच्याही पुढे होता : तरुणांना कामात कसे घ्यावे?

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी पालगडला झाला. घराणे खोताचे, पण वडिलांच्या काळात वैभव ओसरले आणि गरिबी आली. शिक्षणासाठी गुरुजी दापोली, औंध, पुणे असे फिरले. परक्या गावी उपाशी झोपणे म्हणजे काय, हे त्यांनी लहान वयात अनुभवले. १९१७ साली आई यशोदाबाई वारल्या, तेव्हा ते दूर शिकत होते. अखेरची भेटसुद्धा झाली नाही. आपल्या पूर्वजांपैकी कितीजणांच्या नशिबी हेच आले असेल! समुद्रापलीकडे आई गेली, हे त्यांना कधी कळले असेल, कधी कळलेही नसेल.

तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी गुरुजी खानदेशात अमळनेरला आले आणि १९२४ साली तेथल्या शाळेत शिक्षक झाले. हीच शाळा पुढे प्रताप हायस्कूल या नावाने ओळखली गेली. शाळेच्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. खेड्यापाड्यांतून आलेली, आईबापांपासून दूर राहणारी मुले. कुणाची खोली केराने भरलेली, कुणाचे अंथरूण दिवसभर तसेच पसरलेले, कुणाचे ओले धोतर कोपऱ्यात पडलेले. दुसरा कुणी व्यवस्थापक असता तर छडी घेऊन उभा राहिला असता. गुरुजींनी हाती झाडू घेतला. मुले शाळेत गेली की ते खोल्या झाडीत, अंथरुणे गुंडाळीत, पुस्तके नीट लावून ठेवीत, कपडे वाळत घालीत. आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढीत. याबद्दल ते मुलांना काही बोलत नसत. पण मुलांना डोळे होते. आपल्या खोलीचा केर गुरुजी काढतात हे कळल्यावर मुले शरमली आणि एकेक करून आपापले काम स्वतः करू लागली.

मुलांचे मन गुंतवायलाही काही हवे होते. त्यासाठी गुरुजींनी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक सुरू केले. रोजचा अंक ते स्वतःच्या हाताने लिहीत. देशाच्या बातम्या, थोरांची चरित्रे, छात्रालयातील घडामोडी असे सारे त्यात असे. ना छापखाना, ना वर्गणी. मुले सकाळी त्या कागदाभोवती गर्दी करीत. पुढे १९२८ मध्ये 'विद्यार्थी' मासिक निघाले, त्याची मुळे याच हस्तलिखितात आहेत.

१९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. गुरुजींनी नोकरी सोडली आणि तुरुंगवास पत्करला. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात त्यांचा दक्षिणेतल्या आणि इतर प्रांतांतल्या सत्याग्रहींशी सहवास घडला. ते तमिळ शिकले, पुढे तिरुक्कुरल मराठीत आणले. सर्व प्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, या त्यांच्या आंतरभारतीच्या विचाराचे बीज तेथे रुजले. तमिळ, तेलुगू, भोजपुरी, उर्दू बोलणाऱ्यांच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्याला हा विचार वेगळा समजावून सांगायला नको. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनी उतरून घेतली, म्हणून ती आज आपल्याला वाचायला मिळतात. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली.

१९४१ मध्ये राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली. दलप्रमुख एस. एम. जोशी होते, गुरुजी नव्हेत. परंतु शाखांवरच्या मुलामुलींचा जीव गुरुजींवर होता. ते शिबिरांना जात, गोष्टी सांगत, गाणी लिहून देत. पुढाकार घेण्यासाठी पद लागत नाही, हे त्यांच्याकडे पाहून समजते.

या साऱ्याची कसोटी पंढरपूरला लागली. विठ्ठलाच्या मंदिरात हरिजनांना प्रवेश नव्हता. त्यासाठी उपोषण करण्याचा निश्चय गुरुजींनी केला. पण आधी लोकांचे मन वळवावे म्हणून त्यांनी काही महिने महाराष्ट्राचा दौरा केला. सेवा दलाचे कलापथक बरोबर होते. तरुण गात, नाटुकली करीत आणि मग गुरुजी बोलत. किती तरी गावांत विहिरी व देवळे खुली झाली. १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण सुरू झाले, १० मे रोजी ते सुटले, आणि विठ्ठलाचे दार सर्वांना उघडे झाले.

पुढील कथा दुःखाची आहे, पण ती गाळणे आम्हाला योग्य वाटत नाही. गांधीजींच्या हत्येनंतर गुरुजींनी २१ दिवस उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. मात्र मनावरचे ओझे हलके झाले नाही. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपले जीवन संपविले. शेकडो मुलांच्या उशाशी बसलेल्या या माणसाच्या उशाशी त्या वेळी कुणी नव्हते. जो सर्वांना आधार देतो, त्यालाही आधार लागतो, हे आपण फार उशिरा ओळखतो.

आपल्या वाडवडिलांनी दिवसभर उसात राबून रात्री बैठका चालविल्या. दिव्याच्या उजेडात मुलांना अक्षरे शिकविली, भजने आणि झाकरी शिकविली. तेथेही कुणीतरी आधी येऊन जागा झाडीत असे, दिवा लावीत असे. त्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत. आज मंडळाच्या सभेत तरुण मुले येत नाहीत, त्यांना मराठीची गोडी नाही, अशी तक्रार आम्ही वडीलधारी नेहमी करतो. गुरुजींचे चरित्र वाचताना आम्हाला आमचीच लाज वाटली. आम्ही मुलांना बोलावतो, पण त्यांच्या आधी येऊन सतरंजी अंथरतो का? त्यांच्या हाती कार्यक्रम देतो, की फक्त खुर्च्या उचलायला सांगतो? आणि जे दोघे-चौघे वर्षानुवर्षे मंडळाचा भार वाहतात, त्यांची विचारपूस कधी करतो?

शताब्दीचा सोहळा पार पडेल, मांडव उतरेल. दुसऱ्या दिवशी सभागृह झाडायला जो कुणी येईल, त्याच्या हातातला झाडू आपण एकदा आपल्या हाती घेऊ या. पालगडच्या त्या सुपुत्राला आमचे एवढेच वंदन.