हिपोक्रेट्स : फिटला देवाचा कोप न मानणारा ग्रीक वैद्य

घरात कुणाला फिट आली की काय धावपळ होते, ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. कुणी कांदा फोडून नाकाशी धरतं, कुणी चप्पल हुंगवतं, कुणी दातांत चमचा घालतं. पेशंट शुद्धीवर येतो आणि मोठी माणसं बाजूला बसून बाहेरचं काही आहे का, याची कुजबुज सुरू करतात. अकोला-अमरावतीकडे माझ्याकडे येणारे मिरगीचे बरेच पेशंट आधी एक-दोन ठिकाणी उतारा करून, दंडाला दोरा बांधून आलेले असतात. यात शिकलेल्या आणि न शिकलेल्या घरांत मला फारसा फरक दिसलेला नाही. म्हणून आज गोळ्यांबद्दल थोडं कमी आणि एका माणसाबद्दल जास्त सांगते. त्याचं नाव तुम्ही डॉक्टरांच्या शपथेमुळे ऐकलं असेल.

हिपोक्रेट्सचा जन्म इ.स.पू. ४६० च्या सुमारास कॉस नावाच्या ग्रीक बेटावर झाला. हे बेट आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्याला अगदी लागून आहे. वडील हेराक्लिडीस वैद्यच होते आणि धंदा घराण्यात चालत आलेला होता. आपल्याकडे पिढीजात वैद्यांची घराणी असत, तसंच. ही मंडळी स्वतःला आस्क्लेपियस या आरोग्यदेवतेचे वंशज म्हणवत. काळ कोणता, हे लक्षात यावं म्हणून सांगते. सॉक्रेटिस त्याच्याहून थोडाच मोठा होता. अथेन्सच्या टेकडीवरचं पार्थेनॉन हे मंदिर इ.स.पू. ४४७ ते ४३२ या काळात बांधलं जात होतं, तेव्हा हिपोक्रेट्स पोरवयातून तरुणपणात येत होता.

त्याच्या आयुष्याबद्दल पक्की माहिती थोडीच आहे. प्लेटोने आपल्या लिखाणात त्याचा उल्लेख केला आहे. त्यावरून एवढं कळतं, की तो कॉसचा प्रसिद्ध वैद्य होता आणि फी घेऊन शिष्यांना शिकवत असे. ही बाब मला महत्त्वाची वाटते, कारण त्याआधी ही विद्या बहुधा बापाकडून मुलाकडेच जात होती. त्याच्या थेस्सालस आणि ड्रॅकॉन या मुलांनी वैद्यकी केली, पॉलिबस हा जावईही वैद्य झाला. बाकीच्या पुष्कळ गोष्टी नंतरच्या लोकांनी रचल्या. अथेन्समध्ये इ.स.पू. ४३० साली मोठी साथ आली, तेव्हा त्याने चौकाचौकांत शेकोट्या पेटवून शहर वाचवलं, असं सांगतात. पण त्या साथीत स्वतः आजारी पडून वाचलेल्या थ्युसिडिडीस या इतिहासकाराने तिचं बारकाईने वर्णन केलं आहे आणि त्यात हिपोक्रेट्सचं नावही नाही. अन्न हेच औषध मानावं, हा विचार त्याच्या नावाने मोबाईलवर रोज फिरतो. त्या शब्दांत तो त्याच्या ग्रंथांत कुठेच सापडत नाही.

ग्रंथ मात्र आहेत. त्याच्या नावावर साठेक लहानमोठे ग्रंथ आहेत. ते एका माणसाने लिहिलेले नाहीत, त्याचे शिष्य आणि नंतरचे वैद्यही त्यात आहेत, हे आता सगळे अभ्यासक मान्य करतात. तेव्हा मी पुढे हिपोक्रेट्स म्हणेन, तिथे तो आणि त्याच्या परंपरेतले वैद्य असं समजा.

यातलाच एक ग्रंथ मिरगीवर आहे. ग्रीक लोक तिला पवित्र रोग म्हणत. माणूस अचानक कोसळतो, डोळे फिरवतो, तोंडाला फेस येतो, म्हणजे देवच अंगात शिरला, अशी समजूत. कोणता देव तेही ठरलेलं होतं. पेशंट बकऱ्यासारखा ओरडला तर देवांची आई, घोड्यासारखा आवाज केला तर समुद्रदेव पोसायडन, फेस येऊन लाथा झाडल्या तर युद्धदेव एरिस. मांत्रिक मग शुद्धीकरण करायचे, आंघोळ बंद करायचे, बकऱ्याचं मांस आणि काही मासे वर्ज्य करायचे, बकऱ्याच्या कातड्यावर झोपू द्यायचे नाहीत.

ग्रंथकाराने याला सरळ उत्तर दिलं. हा रोग बाकीच्या रोगांइतकाच दैवी किंवा अदैवी आहे, तो मेंदूत होतो, काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालतो आणि त्यावर उपाय करता येतो, अशी त्याची मांडणी आहे. बकऱ्याने हा रोग होत असेल, तर बकऱ्यांवरच जगणारे आणि त्यांचीच कातडी पांघरणारे लिबियाचे लोक निरोगी कसे, असा सवाल त्याने केला. मांत्रिकांवर तर तो फारच चिडलेला दिसतो. पेशंट बरा झाला की श्रेय मांत्रिकाचं आणि मेला तर दोष देवाचा, हा डाव त्याने ओळखला होता.

मिरगी झालेल्या बकरीचं डोकं फोडून पाहा, आत मेंदू पाण्याने भरलेला आणि दुर्गंधी सुटलेला दिसेल, असंही त्याने लिहिलं आहे. आज वाटतं, की त्याने बहुधा कृमीच्या अळीची पाण्याची गाठच पाहिली असावी. शेळ्यामेंढ्यांच्या मेंदूत अशा गाठी होतात. आणि आपल्या देशात माणसांना फिट येण्याचं एक मोठं कारणही मेंदूतली कृमीची गाठच आहे. डुकराच्या मांसातून होणारा पट्टकृमी ज्याच्या पोटात असतो, त्याच्या शौचातून अंडी बाहेर पडतात आणि घाण पाण्यातून भाजीपाल्यावर येतात. त्यामुळे पक्के शाकाहारी लोकही यातून सुटत नाहीत. कोथिंबीर, मुळा, गाजर, काकडी वाहत्या पाण्याखाली नीट धुवा, असं आम्ही सांगतो ते यासाठीच.

कारण सांगताना मात्र तो चुकला. कफ मेंदूतून खाली उतरून नसा अडवतो म्हणून फिट येते, असं त्याला वाटे. रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त या चार रसांचा तोल बिघडला की रोग होतो, हा त्या परंपरेचा सिद्धांत दोन हजार वर्षं चालला आणि त्यापायी कितीतरी पेशंटचं रक्त विनाकारण काढलं गेलं. हेच ग्रंथ पुढे बगदादेत अरबी भाषेत गेले, तिथे हिपोक्रेट्सचा बुकरात झाला. युनानी म्हणजेच ग्रीक, आणि युनानी हकिमांची विद्या याच मुळातून आली आहे.

त्या ग्रंथातला मला सर्वांत लागणारा भाग वेगळाच आहे. ज्यांना वारंवार झटके येतात त्यांना आधी चाहूल लागते आणि ते माणसांपासून दूर पळतात, घर जवळ असेल तर घरात, नाहीतर एकांतात, आणि डोकं झाकून घेतात, असं त्याने नोंदवलं आहे. हे देवाच्या भीतीने नव्हे, तर लाजेने, हेही त्याने ओळखलं. लहान मुलं पहिल्यांदा कुठेही पडतात, पण झटके सवयीचे झाले की चाहूल लागताच आईकडे किंवा ओळखीच्या माणसाकडे धावतात. हे वाचताना मला माझ्याकडे येणारी एक मुलगी आठवते. कॉलेजमध्ये वर्गात फिट येईल या भीतीने ती शेवटच्या बाकावर दाराशी बसायची. घरच्यांनी आजार लपवला होता, कारण लग्न जमवायचं होतं. गोळ्या सुद्धा लपून, एक दिवस घेतली तर दोन दिवस नाही. अशाने फिट थांबत नाहीत.

तुमच्या घरात अशी मुलगी असेल तर दोन गोष्टी माहीत असू द्या. योग्य औषध नियमित घेतलं तर सुमारे ७० टक्के पेशंटचे झटके थांबू शकतात. आणि मिरगी हे लग्न रद्द करण्याचं कारण कायद्यात पूर्वी होतं, ते १९९९ साली हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा या दोन्हींतून काढून टाकलं आहे. झटका आला तर माणसाला कुशीवर वळवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा, डोक्याखाली काही मऊ ठेवा, तोंडात काहीही घालू नका आणि घड्याळ पाहा. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला, लागोपाठ दुसरा आला किंवा पहिल्यांदाच आला असेल, तर लगेच दवाखाना गाठा. कांदा आणि चप्पल राहू द्या. झटका बहुतेक वेळा आपोआप एक-दोन मिनिटांत थांबतो, म्हणून श्रेय चपलेला मिळतं.

हिपोक्रेट्स फिरता वैद्य होता. नव्या गावात गेल्यावर वैद्याने आधी वारा कुठून येतो, लोक कोणतं पाणी पितात, ते मऊ आहे की जड, खारं आहे का, हे पाहावं, असं त्याच्या परंपरेतल्या दुसऱ्या एका ग्रंथात आहे. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको. त्या भागातला पेशंट सूज किंवा वाढलेलं बीपी घेऊन आला, तर मीही आधी बोअरचं पाणी पिता का, असं विचारते आणि क्रिएटिनिन तपासते. साचलेलं दलदलीचं पाणी पिणाऱ्यांची प्लीहा वाढते, हेही त्या ग्रंथात आहे. तो मलेरियाच असणार. दोष पाण्याचा नसून त्यावरच्या डासांचा आहे, हे १८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसने दाखवेपर्यंत कुणाला कळलं नव्हतं.

थासोस बेटावर आणि इतरत्र पाहिलेल्या पेशंटच्या रोजच्या नोंदीही या ग्रंथांत आहेत. अशा सविस्तर ४२ नोंदींपैकी २५ पेशंट दगावले. फिलिस्कस नावाच्या पेशंटचा श्वास मोठा आणि थांबून थांबून, काहीतरी आठवून घेतल्यासारखा चालत होता, आणि सहाव्या दिवशी तो गेला, असं लिहिलं आहे. आयसीयूत असा श्वास आजही दिसतो. आपले निम्म्याहून जास्त पेशंट गेले हे लिहून ठेवणारा वैद्य मला शपथेतल्या हिपोक्रेट्सपेक्षा जास्त जवळचा वाटतो. शपथ तर त्यानेच लिहिली असंही खात्रीने म्हणता येत नाही. २०२२ पासून आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नव्या विद्यार्थ्यांसाठी चरक शपथ सुचवली आहे. पेशंटचं गुपित राखायचं, हे दोन्हींत आहे.

कधी कॉसला गेलात, तर गाईड तुम्हाला त्याचं झाड दाखवेल. ज्या चिनाराखाली तो शिकवत असे म्हणतात, तो पोकळ होऊन टेकूंवर उभा आहे आणि सुमारे ५०० वर्षांचाच आहे. गावाबाहेर चारेक किलोमीटरवर टेकडीच्या तीन टप्प्यांवर आस्क्लेपियसचं देवस्थान आहे. १९०२ पासून रुडॉल्फ हर्झोगने ते खणून काढलं. तेही बरंचसं त्याच्या मृत्यूनंतरचं आहे. कॉस शहरच मुळी इ.स.पू. ३६६ साली वसलं. अशा देवस्थानांत पेशंट रात्री झोपायचे, स्वप्नात देव येऊन बरा करेल म्हणून, आणि बरे झाले की हातापायाच्या, डोळ्यांच्या प्रतिकृती वाहायचे. आपल्याकडे नवसाचे चांदीचे डोळे वाहतात, तसेच. हिपोक्रेट्सच्या परंपरेचं देवळाशी भांडण नव्हतं. मिरगीच्या त्या ग्रंथातही लोकांनी देवळात जाऊन प्रार्थना करावी, असंच आहे. भांडण होतं ते देवाच्या नावावर पेशंटकडून पैसे उकळणाऱ्यांशी. तुम्हीही दर्शनाला जरूर जा, फक्त सकाळची गोळी घेऊन जा.

तो इ.स.पू. ३७० च्या सुमारास थेसली प्रांतातल्या लॅरिसा गावी वारला. त्याच्या थडग्यावर मधमाश्यांनी पोळं केलं होतं आणि आया तो मध आणून तान्ह्या बाळांच्या तोंडातल्या फोडांना लावत, अशी दंतकथा आहे. गोष्ट गोड आहे, पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला घुटीतून किंवा बोटावर घेऊनही मध चाटवू नका. त्यातल्या जंतूंच्या विषाने बाळ लुळं पडू शकतं. बाळाच्या तोंडात पांढरे चट्टे दिसले, तर त्याचे थेंब मिळतात, दाखवायला घेऊन या.