मिरजेचे मिशन डॉक्टर : सर विल्यम वानलेस

कोल्हापूर परिसरातील खेड्यांत घरचे मूल किंवा वृद्ध माणूस हातचे जाऊ लागले, की त्याला मिरजेस न्यावे, असा सल्ला वडीलधारी मंडळी देत असत. मिरजेस नेणे म्हणजे मिशन हॉस्पिटलात नेणे, हे वेगळे सांगावे लागत नसे. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी ही आठवण असेल. मात्र ज्यांच्यामुळे मिरज या छोट्याशा संस्थानी गावाला ही कीर्ती लाभली, त्या डॉ. विल्यम जेम्स वानलेस यांच्याविषयी आपणांस फारसे ठाऊक नसते. ते आपल्या कॅथलिक धर्मसभेचे नव्हते, प्रेस्बिटेरियन पंथाचे मिशनरी होते. तरीही या भागातील ख्रिस्ती सेवेचा इतिहास सांगताना त्यांना वगळून पुढे जाता येणार नाही.

त्यांचा जन्म 1865 साली कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात झाला. न्यूयॉर्क येथे वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून 1889 मध्ये पदवी घेताच, वयाच्या चोविसाव्या वर्षी, पत्नी मेरी यांच्यासह ते हिंदुस्थानात आले. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन या भागात नवखे नव्हते. रेव्हरंड रॉयल वाइल्डर यांनी 1852 पासून कोल्हापुरात काम आरंभिले होते आणि त्यांचा पुत्र रॉबर्ट, जो पुढे विद्यार्थ्यांना मिशनकार्यास प्रवृत्त करणाऱ्या जगप्रसिद्ध चळवळीचा एक प्रवर्तक ठरला, तो कोल्हापुरातच जन्मला होता. शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होते. वाण होती ती शस्त्रक्रिया जाणणाऱ्या डॉक्टरची.

वानलेस दांपत्य प्रथम सांगलीस उतरले. तेथे दवाखाना सुरू झाला, मराठीचा अभ्यास सुरू झाला. पुढे 1892 मध्ये त्यांनी मिरजेस मुक्काम हलविला. या निवडीमागे शहाणपण होते, असे आम्हांस वाटते. आदल्याच वर्षी, 1891 मध्ये, मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली होती आणि पुणे-बेळगाव लोहमार्गही मिरजेवरूनच जात होता. कोल्हापूर, सातारा, बेळगाव, विजापूर या सर्व बाजूंचा रुग्ण जेथे गाडीने येऊ शकेल असे ठिकाण म्हणजे मिरज. आपल्याकडे पुष्कळ संस्था दात्याने जागा दिली म्हणून भलत्याच ठिकाणी उभ्या राहतात आणि मग रुग्णांची वा विद्यार्थ्यांची वाट पाहत बसतात. मिरजेत तसे घडले नाही.

जागा मिळाली ती मिरज संस्थानच्या पटवर्धन अधिपतींकडून. एका हिंदू ब्राह्मण संस्थानिकाने परदेशी ख्रिस्ती मिशनला भूमी द्यावी, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. इमारतीचा पैसा मात्र सातासमुद्रापलीकडून आला. फिलाडेल्फिया येथील जॉन कॉन्व्हर्स हे बाल्डविन या रेल्वे इंजिनांच्या प्रख्यात कारखान्याचे चालक व निष्ठावंत प्रेस्बिटेरियन होते. त्यांच्या देणगीतून 1894 मध्ये मिरजेचे रुग्णालय उभे राहिले. इंजिनांच्या व्यवसायातून मिळालेले धन, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या दारी आगगाडीने येणारे रुग्ण, असा हा योग होता. त्याच वर्षी कोल्हापुरात शाहू महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला.

वानलेस यांचे नाव सर्वप्रथम झाले ते डोळ्यांच्या शस्त्रक्रियांमुळे. मोतीबिंदू झालेला माणूस तोवर अंधत्व हे दैव समजून घरी बसे, नाहीतर गावोगाव फिरणाऱ्या वैदूच्या सुईखाली जाई. सुईने डोळ्यातील भिंग मागे ढकलले जाई, चार दिवस उजेड दिसे आणि बऱ्याचदा डोळा सडून कायमचा जाई. मिशन हॉस्पिटलातून परत आलेला म्हातारा जेव्हा नातवंडांची तोंडे ओळखू लागला, तेव्हा दुसरी जाहिरात लागली नाही. पाठोपाठ पोटाच्या शस्त्रक्रिया, मुतखडे, गाठी यांचे रुग्ण येऊ लागले.

शाहू महाराजांचाही या रुग्णालयावर विश्वास होता. नारायण राजहंस या गोड गळ्याच्या तरुणाच्या कानाचे दुखणे ऐकून महाराजांनी त्याला उपचारासाठी मिरजेस पाठविले, आणि तेथेच किर्लोस्कर नाटक मंडळीशी त्याचा योग जुळून आला, ही हकिकत नाट्यरसिकांना ठाऊक आहे. तोच पुढे बालगंधर्व झाला. मराठी रंगभूमीच्या इतिहासात मिशनच्या एका दवाखान्याने असा अनपेक्षित प्रवेश केला.

आता पैशाविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण त्या पैशावरच सारे अवलंबून होते. इमारत देणगीतून उभी राहते, पण औषधे, पट्ट्या, पगार, रॉकेल यांचा खर्च दररोज नव्याने उभा करावा लागतो. धर्मादाय संस्था चालविणाऱ्या प्रत्येकाला ही चिंता ठाऊक आहे. वानलेस यांनी तोडगा काढला तो साधा होता. ज्याची ऐपत आहे त्याच्याकडून मोबदला घ्यावयाचा आणि ज्याची नाही त्याच्यावर त्याच हातांनी, त्याच काळजीने उपचार करावयाचे. सावकार, इनामदार, संस्थानिक यांनी दिलेल्या रकमेतून गोरगरिबांच्या खाटा चालत. सर्वांना सर्व फुकट हे ऐकावयास गोड. पण तसे केले असते तर अमेरिकेतील मंडळाचा हात आखडला त्या दिवशी रुग्णालयास टाळे लागले असते. काही मिशनरी बांधवांना शुल्क घेणे रुचत नसे. आम्ही या बाबतीत वानलेस यांच्या बाजूचे आहोत, मात्र पैसे असलेल्याची व नसलेल्याची शस्त्रक्रिया एकाच दर्जाची होते की नाही, यावर चालकाची नजर सतत असली पाहिजे.

दुसरी गोष्ट शिक्षणाची. एकटा परदेशी डॉक्टर किती डोळे उघडणार? रुग्णालय सुरू होऊन तीनच वर्षे झाली असता, 1897 मध्ये, वानलेस यांनी मिरजेत ख्रिस्ती तरुणांसाठी वैद्यकीय शाळा सुरू केली. परिचारिकांचे शिक्षणही त्याच सुमारास आरंभले. ते दिवस प्लेगचे होते, शाळेला सुट्टी द्यावी असे म्हणावयास पुरेसे कारण होते. येथे शिकलेली देशी माणसे मराठी मुलखातील मिशन दवाखान्यांत गेली. शस्त्रक्रियेच्या मेजापाशी उभे राहून शिकविणे हा वानलेस यांचा हातखंडा होता. त्यांच्यानंतर शल्यविशारद डॉ. चार्ल्स व्हेल यांनी तो वारसा चालविला. पुढे 1962 मध्ये मिरजेत वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेव्हा सुरुवातीच्या विद्यार्थ्यांनी रुग्ण तपासावयास शिकण्यासाठी मिशन हॉस्पिटलचाच आश्रय घेतला. कुष्ठरुग्णांसाठी आश्रम व क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम हीही वानलेस यांचीच कामे. सांगली-मिरज रस्त्यावरील वानलेसवाडी हे नाव क्षयरोग्यांच्या त्या आरोग्यधामामुळे रूढ झाले.

घरी मात्र त्यांना किंमत मोजावी लागली. मेरी वानलेस 1906 मध्ये निवर्तल्या. हजारोंना वाचविणाऱ्या डॉक्टरला स्वतःची पत्नी वाचविता आली नाही. पुढील वर्षी त्यांनी लिलियन हेवन्स यांच्याशी विवाह केला आणि काम पूर्ववत चालू ठेवले. ब्रिटिश सरकारने 1928 मध्ये त्यांना सर ही पदवी दिली. त्याच वर्षी जवळजवळ चाळीस वर्षांच्या सेवेनंतर ते निवृत्त होऊन अमेरिकेस गेले. तेथे आपल्या हिंदुस्थानातील कामावर त्यांनी ग्रंथ लिहिला, तो 1932 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्याच वर्षी कॅलिफोर्नियातील ग्लेन्डेल येथे त्यांचा अंत झाला.

अलीकडच्या वर्षांत मिरजेच्या या रुग्णालयास आर्थिक विवंचनेने गाठले. गल्लोगल्ली खासगी दवाखाने झाले, ऐपतीचे रुग्ण तिकडे वळले आणि ज्यांच्या शुल्कावर गरिबांच्या खाटा चालत ती बाजूच कोरडी पडली. परदेशातून येणारे साहाय्य तर केव्हाच आटले होते. वानलेस यांनी बसविलेली घडी दोन्ही बाजूंनी उसवली. कोल्हापुरात मात्र मेरी वानलेस यांचे नाव एका रुग्णालयाने जपले आहे. ते उच्चारणाऱ्यांपैकी किती जणांना त्या बाई कोण, हे ठाऊक असेल, याची आम्हांस शंका आहे.