भांडी घासताना पडलेला प्रश्न, जो आजच्या डीएनए सेन्सरलाही सुटता सुटत नाही

रात्रीची जेवणं झाली की घाटकोपर असो, मुलुंड असो, घरोघरी सिंकमध्ये एकच सीन असतो. तेलकट कढईत पाणी ओतलं की तेलाचा तवंग वर पसरतो. त्यात साबणाचा थेंब पडला की तो झटकन कडेला पळतो. आपण नळ सोडतो आणि विषय संपवतो.

ॲग्नेस पॉकेल्सने तो संपवला नाही.

ॲग्नेसचा जन्म १४ फेब्रुवारी १८६२ चा, व्हेनिसमधला. वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यात होते. मलेरियाने त्यांची तब्येत इतकी खालावली की नोकरी सोडावी लागली आणि १८७१ मध्ये कुटुंब जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगला आलं. तिथल्या मुलींच्या शाळेत ॲग्नेसला फिजिक्सची गोडी लागली. पण तेव्हा मुलींना विद्यापीठाचे दरवाजे बंद होते. धाकटा भाऊ फ्रिट्झ मात्र गटिंगेनला जाऊन फिजिक्स शिकला. ॲग्नेसच्या वाट्याला आजारी आईवडिलांची सेवा आणि स्वयंपाकघर आलं. भाऊ पुस्तकं पाठवायचा, तेवढाच आधार.

पण प्रयोगशाळा नाही म्हणून ती थांबली नाही. विशीच्या आसपास तिने घरातच एक यंत्र बनवलं. ७० सेंटीमीटर लांब, ५ सेंटीमीटर रुंद आणि २ सेंटीमीटर खोल असा पत्र्याचा ट्रे. तो पाण्याने काठोकाठ भरायचा आणि त्यावर पत्र्याची पट्टी आडवी ठेवायची. पट्टी सरकवली की पाण्यावरच्या तवंगाला जागा कमी-जास्त मिळते. मग छोटी चकती पाण्याला टेकवून, ती वर उचलायला किती जोर लागतो ते तराजूने मोजायचं. म्हणजे पृष्ठताण मोजायचा.

तिला दिसलं ते भन्नाट होतं. तवंगाला ऐसपैस जागा असेपर्यंत पृष्ठताणात फरकच पडत नाही. पट्टी सरकवत सरकवत एका ठराविक जागेवर आली की मात्र तो धाडकन कमी व्हायला लागतो. लोकलमध्ये कसं, सीटवर तिघं आरामात बसतात, चौथा आला की सगळ्यांना अंग चोरावं लागतं. तसंच काहीसं.

हे काम जवळपास दहा वर्षं घरातच पडून राहिलं. शेवटी जानेवारी १८९१ मध्ये ॲग्नेस यांनी इंग्लंडचे नामवंत शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना जर्मनमध्ये पत्र लिहिलं. रॅले स्वतः याच विषयावर काम करत होते. एका अनोळखी बाईचं पत्र ते बाजूला टाकू शकले असते, किंवा तिचे आकडे गुपचूप वापरू शकले असते. त्यांनी तसं केलं नाही. त्यांच्या पत्नीने पत्राचं भाषांतर केलं आणि रॅले यांनी ते 'नेचर'कडे धाडलं. १२ मार्च १८९१ ला ते ॲग्नेस यांच्याच नावाने छापून आलं.

पुढे हिशोब लागला, की ते रेणू एकमेकांना खेटून उभे राहतात तेव्हा प्रत्येकाला जेमतेम ०.२ चौरस नॅनोमीटर जागा लागते. या टप्प्याला आज 'पॉकेल्स पॉइंट' म्हणतात. त्याच ट्रेची सुधारलेली आवृत्ती वापरून अमेरिकेच्या अर्विंग लँगम्युअर यांनी पृष्ठभागाचं विज्ञान पुढे नेलं आणि १९३२ मध्ये नोबेल मिळवलं.

आता तुम्ही म्हणाल, यात डीएनए कुठून आला?

रक्तात मलेरियाच्या जंतूचा डीएनए आहे का, हे पकडणारा सेन्सर बनवायचा तर आधी त्याला जुळणारा डीएनएचा एक धागा काचेवर किंवा सोन्याच्या पातळ थरावर बसवावा लागतो. जंतूचा धागा येऊन त्याला जुळला की प्रकाशात किंवा विजेच्या प्रवाहात फरक पडतो आणि सेन्सरला कळतं. पण बसवलेला धागा पृष्ठभागावर आडवा पडला तर उपयोग नाही. रक्तातली प्रथिनं मध्येच चिकटली तरी घोळ.

यावरचा एक उपाय म्हणजे पॉलिमर ब्रश. पॉलिमरच्या लांब साखळ्यांचं फक्त एक टोक पृष्ठभागाला जोडायचं. साखळ्या विरळ असल्या की त्या वेटोळं करून पडतात. दाट लावल्या की शेजारी जागा नसल्याने टूथब्रशच्या केसांसारख्या ताठ उभ्या राहतात. मग या साखळ्यांवर डीएनएचे धागे लावतात. पाणी धरून ठेवणारा ब्रश असेल तर तो प्रथिनांनाही बऱ्यापैकी लांब ठेवतो.

पण गर्दीचा प्रश्न इथेही आहेच. डीएनएवर ऋण भार असतो, त्यामुळे धागे फार दाट झाले तर ते येणाऱ्या धाग्याला ढकलून देतात. फार विरळ झाले तर सिग्नलच मिळत नाही. म्हणजे पुन्हा तेच, कोणाला किती जागा द्यायची?

ॲग्नेस यांच्या ट्रेचा वारस आपल्या पवईतही पोहोचलाय. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी पाण्यावर ग्राफिन ऑक्साइडचा थर पसरवून, दाबून, अलगद उचलण्यासाठी हीच पद्धत वापरलीये.

ॲग्नेस यांना हे काहीच बघायला मिळालं नाही. १९०६ मध्ये वडील गेले, १९१३ मध्ये फ्रिट्झ गेला, पाठोपाठ महायुद्ध आलं आणि त्यांचं संशोधन जवळपास थांबलं. १९३२ मध्ये, लँगम्युअर यांना नोबेल मिळालं त्याच वर्षी, ब्राउनश्वाइगच्या तांत्रिक विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. तेव्हा त्या ७० वर्षांच्या होत्या. २१ नोव्हेंबर १९३५ ला त्यांचं निधन झालं.