सिनेमाच्या आधी दादासाहेब फाळके छपाईच्या धंद्यात होते, तिथेच त्यांचा पाया रचला गेला

दादासाहेब फाळके म्हटलं की आपल्याला थेट १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ आठवतो. पण तेव्हा त्यांचं वय ४३ होतं. मग त्याआधी ते काय करत होते?

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० ला त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे पंडित. मुलाला मात्र चित्रकलेचा नाद. १८८५ मध्ये त्यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला. तिथून ते बडोद्याच्या कलाभवनात गेले. सयाजीराव महाराजांनी सुरू केलेल्या या संस्थेत चित्रकलेसोबत फोटोग्राफी आणि मातीकामही शिकता यायचं. फाळके यांनी सगळ्यातच हात घातला. अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती मांडली आणि सुवर्णपदक मिळवलं.

पण त्यांना खरी ओढ लागली ती छपाईची.

तेव्हा रंगीत चित्र छापायचं म्हणजे प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड आणि त्यावर कारागिराने हाताने केलेलं रेखाटन. नवं तंत्र वेगळं होतं. मूळ चित्राचे रंगीत काचांमधून तीन फोटो काढायचे. त्यावरून बारीक ठिपक्यांचे तीन ब्लॉक बनवायचे आणि पिवळा, लाल, निळा असे एकावर एक छापायचे. डोळ्यांना सगळे रंग दिसतात. कलाभवनाचे प्रमुख प्रा. गज्जर यांनी हे शिकायला फाळके यांना रतलामला पाठवलं.

शिकून आल्यावर त्यांनी गोध्र्यात फोटो स्टुडिओ काढला. पण प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल दोघंही गेले. फाळके गोध्रा सोडून निघाले.

पुढे त्यांना पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन आणि फोटोग्राफरची सरकारी नोकरी मिळाली. पण स्वदेशीचं वारं आलं आणि त्यांनी ती पक्की नोकरी सोडून लोणावळ्यात छापखाना टाकला. राजा रविवर्मा यांच्या प्रेससाठीही त्यांनी फोटो-लिथोचं काम केलं. नंतर छापखाना दादरला आला. १९०९ मध्ये ते रंगीत छपाईची यंत्रं आणायला जर्मनीला जाऊन आले. नाव झालं, कामं वाढली. पण भागीदारांशी पटेना. शेवटी फाळके आपणच उभा केलेला छापखाना सोडून बाहेर पडले. चाळिशी आलेली, पदरात मुलं आणि हातात काही नाही.

अशातच १९११ मध्ये गिरगावात तंबूतल्या थिएटरात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला. पडद्यावर राम-कृष्ण का नाही दिसू शकत, हा विचार डोक्यात बसला. पुढचे महिने सिनेमे पाहण्यात गेले. इतके की काही काळ त्यांची दृष्टीच गेली. उपचारांनी ती परत आली आणि विमा पॉलिसी गहाण ठेवून ते १९१२ मध्ये लंडनला गेले. येताना कॅमेरा घेऊन आले.

पण पैसे लावणार कोण? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि ठरावीक वेळाने त्याची एकेक फ्रेम टिपली. पडद्यावर बघता बघता वेल वाढताना दिसला. हे पाहून कर्ज मिळालं. तरी कमी पडलं तेव्हा पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले. शिवाय फिल्मला छिद्रं पाडणं, ती धुणं ही कामंही त्या शिकल्या.

३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

नीट पाहिलं तर फाळके यांना यातलं बरंच आधीच येत होतं. निगेटिव्ह, डार्करूम, रसायनांचं माप हे छपाईतून आलं होतं, तर पडदे आणि सेट उभे करायची नजर आर्ट स्कूलमधून.

१६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा सिनेसृष्टी त्यांना जवळपास विसरली होती. आज तिथला सगळ्यात मोठा पुरस्कार त्यांच्याच नावाने दिला जातो.