बॉयलर नसलेलं घर

थंडीत अंघोळीचं पाणी तापवायचं म्हटलं की पूर्वी बंब पेटायचा, आता गिझर. आपलं तेवढ्यावर भागतं. पण बर्फ पडणाऱ्या देशांत अख्खं घरच तापवावं लागतं. त्यासाठी तेलाची भट्टी, नाहीतर गॅसचा बॉयलर महिनोन् महिने चालू! हे जळण वाचवून उन्हावर घर उबदार ठेवायचा ध्यास एका बाईनं घेतला होता. तिचं नाव मारिया टेल्केश.

मारियाचा जन्म १९०० सालचा, हंगेरीतल्या बुडापेस्टचा. रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवून १९२५ साली ती अमेरिकेत गेली. पुढे बोस्टनजवळच्या एमआयटी या नामवंत संस्थेत सौरऊर्जेवर काम करू लागली. दुसऱ्या महायुद्धात, समुद्रात अडकलेल्या सैनिकांसाठी तिनं खारं पाणी उन्हावर गोडं करणारं साधन बनवलं.

मग आलं १९४८ साल. डोव्हर गावात तिनं सूर्यघर उभं केलं. आराखडा एलिनॉर रेमंड या वास्तुरचनाकार बाईंचा, पैसा शिल्पकार अमेलिया पीबडी यांचा. तिघी बायका आणि एक घर!

खरी अडचण होती ती रात्रीची. ऊन मावळल्यावर ऊब आणायची कुठून? मारियानं त्यासाठी ग्लॉबरचं मीठ निवडलं. हे खायचं मीठ नव्हे बरं का! थंडीत गोठलेलं खोबरेल आपण उन्हात ठेवतो, ते ऊब शोषून वितळतं. हे मीठही तसंच, साधारण ३२ अंशांना वितळतं आणि गोठताना ती ऊब परत देतं. असं सुमारे २१ टन मीठ डब्यांत भरून भिंतींआड ठेवलं. मारियाच्या नात्यातलं एक कुटुंब तिथं राहायला आलं. पहिले दोन हिवाळे छान गेले. लांबलांबून लोक घर बघायला येत.

आणि मग बिघडलं. पुन्हा पुन्हा वितळून मिठाचे थर वेगळे झाले, डबे गंजून गळू लागले. शेवटी तिथं नेहमीची भट्टी बसवावी लागली. १९५३ साली मारियाची एमआयटीतली नोकरीही गेली.

दुसरी कुणी असती तर हाय खाऊन बसली असती. मारियानं नव्या ठिकाणी काम मांडलं, उन्हावर चालणारी चूल बनवली. मिठाचा पिच्छाही सोडला नाही. थर वेगळे होऊ नयेत म्हणून त्यात घट्टपणा आणणारे पदार्थ मिसळून पाहिले. सत्तरी ओलांडल्यावर डेलावेर विद्यापीठाच्या सौरघरासाठीही राबली. वीसहून अधिक पेटंट तिच्या नावावर आहेत. १९९५ साली बुडापेस्टमध्येच तिनं डोळे मिटले.

आज युरोपात गॅसचे बॉयलर काढून हीट पंप बसवले जात आहेत. फ्रीज आतली उष्णता ओढून मागच्या बाजूनं बाहेर टाकतो ना, तसाच हा पंप बाहेरच्या थंड हवेतली उष्णता ओढून घरात आणतो. ती साठवायला काही घरांत चक्क वितळणाऱ्या मिठाच्या पेट्या असतात. मीठ वेगळं, पेट्या पक्क्या, पण युक्ती तीच!

एक घर फसलं म्हणून कल्पना फसत नाही. यंदा थंडीत खोबरेलाची बाटली उन्हात ठेवाल, तेव्हा मारियाची आठवण नक्की काढा.