जॉन मेनार्ड केन्स आणि चलनाचा सट्टा

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्या अर्थतज्ज्ञाच्या मतांचा बाबासाहेबांनी निःसंकोचपणे प्रतिवाद केला, ते म्हणजे केंब्रिजचे जॉन मेनार्ड केन्स. आपल्या समाजात केन्स यांचे नाव बहुधा याच संदर्भात घेतले जाते. त्यांच्या आयुष्यातील एक प्रकरण मात्र आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. मोबाइलवरून परदेशी चलनांचे सौदे करू पाहणाऱ्या आपल्या तरुण माजी विद्यार्थ्यांनी ते अवश्य जाणून घ्यावे.

केन्स यांचा जन्म ५ जून १८८३ रोजी केंब्रिज येथे झाला. वडील विद्यापीठात अध्यापक, आई सार्वजनिक कार्यात अग्रेसर. ईटन आणि किंग्ज कॉलेज येथील शिक्षणानंतर १९०६ साली ते लंडनच्या इंडिया ऑफिसमध्ये रुजू झाले. तेथे त्यांच्याकडे आलेले पहिले मोठे काम म्हणजे दहा बैल जहाजाने मुंबईस रवाना करणे! हिंदुस्थानात ते कधीच आले नाहीत. तरीही १९१३ साली त्यांनी हिंदी चलनावर ग्रंथ लिहिला आणि सुवर्ण विनिमय परिमाणाची बाजू घेतली. या व्यवस्थेत रुपये काढणाऱ्या सरकारच्या हाताला पुरेसा लगाम राहत नाही, हा बाबासाहेबांचा मूलभूत आक्षेप होता.

पहिल्या महायुद्धात केन्स ब्रिटिश अर्थखात्यात होते. जर्मनीवर लादलेल्या तहाच्या अटी न पटल्याने जून १९१९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. युद्धकाळात बांधून ठेवलेले हुंडणावळीचे दर तोवर मोकळे झाले होते व रोज खालीवर होऊ लागले होते. केन्स यांनी चलनाच्या सट्ट्यात उडी घेतली. डॉलर वधारेल आणि मार्क, फ्रँक, लिरा ही युरोपीय चलने घसरतील, असा त्यांचा कयास होता. आरंभी नफाही झाला. मग १९२० च्या प्रारंभी त्यांनी सहकारी ऑस्वाल्ड फॉक यांच्यासह एक मंडळ उभारले व त्यात आप्त आणि चित्रकार मित्र यांचे पैसे घातले.

येथे सौद्याची रीत समजून घेतली पाहिजे. असे सौदे पूर्ण रक्कम देऊन होत नसत. दलालाकडे केवळ अनामत ठेवावी लागे. समजा, १,००० पौंड अनामतीवर १०,००० पौंडांचा सौदा केला. भाव शेकडा दहा अनुकूल फिरला तर पैसे दुप्पट. तेवढाच प्रतिकूल फिरला तर अनामत संपली. मग दलाल आणखी रक्कम मागतो. ती देता आली नाही तर सौदा तोट्यातच मिटवावा लागतो, पुढे भाव आपल्या बाजूने येणार असला तरी.

नेमके हेच घडले. फेब्रुवारी १९२० मध्ये एका डॉलरला सुमारे ९९ मार्क पडत होते. जूनपर्यंत ते सुमारे ३९ वर आले. पडणार म्हणून विकलेला मार्क चढला. मे महिन्याच्या अखेरीस सारे सौदे मिटवावे लागले. केन्स यांचे स्वतःचे १३,००० पौंडांहून अधिक बुडाले. मित्रांचे बुडाले ते वेगळेच. ते त्यांनी स्वतःवरील नैतिक ऋण मानले. वास्तविक अंदाज चुकीचा नव्हता. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क मोजावे लागले. पण तोवर तग धरण्याइतका पैसाच हाती उरला नव्हता.

केन्स यांना सावरले ते सर अर्नेस्ट कॅसल या धनाढ्य सावकाराच्या ५,००० पौंडांच्या कर्जाने आणि प्रकाशकाकडून मिळालेल्या १,५०० पौंडांच्या आगाऊ मानधनाने. त्या बळावर ते पुन्हा बाजारात उतरले. १९२२ च्या अखेरीस सारे ऋण फिटून सुमारे २१,००० पौंड शिल्लक राहिले. चरित्रकार हे यश कौतुकाने सांगतात. माझ्या मते येथे थांबून विचार करावा. केन्स यांच्यामागे सुखवस्तू घर होते, नाव होते, हाक मारताच कर्ज देणारा कॅसल होता. ज्या घरात पहिलाच पगार आला आहे आणि आईवडिलांची पुंजी हीच काय ती अनामत आहे, तेथे कोण कॅसल येणार? शिवाय रिझर्व्ह बँकेने अनधिकृत चलन-सौदा मंचांची इशारा यादीच प्रसिद्ध केली आहे. ती पाहण्याचे कष्टही अनेक जण घेत नाहीत.

त्याच केन्स यांनी १९२३ च्या आपल्या ग्रंथात चलनाच्या वायद्याचे शास्त्र मांडले. तीन महिन्यांनी परकीय चलनात पैसे देणे असलेला व्यापारी आजच दर ठरवून घेऊ शकतो. त्याला नफ्याची आशा सोडावी लागते, पण तोट्याचे भयही उरत नाही. जोखीम टाळण्याचे आणि जोखीम ओढवून घेण्याचे साधन एकच असते. फरक वापरणाऱ्याच्या गरजेत असतो.

स्वतः केन्स मात्र लगेच शहाणे झाले नाहीत. १९२८ मध्ये रबर, गहू, कापूस यांच्या सौद्यांत त्यांना खोट आली. ती भरून काढण्यासाठी पडत्या बाजारात रोखे विकावे लागले. १९२७ अखेरची सुमारे ४४,००० पौंडांची मालमत्ता १९२९ अखेर ८,००० पौंडांच्याही खाली आली. त्यानंतर त्यांची पद्धत पालटली. बाजाराची लाट हेरण्याचा हव्यास सोडून ते मोजक्या, नीट अभ्यासलेल्या कंपन्यांचे भाग घेऊन वर्षानुवर्षे जवळ ठेवू लागले. एकाच कारणाने सगळे भाग एकदम पडणार नाहीत, अशी त्यांची निवड असे. कर्ज काढून गुंतवणूक करण्याची सवय तरीही सुटली नाही. १९३७-३८ च्या मंदीत तिची जबर किंमत मोजल्यावरच ती बरीच आटोक्यात आली.

किंग्ज कॉलेजचा निधी १९२४ पासून त्यांच्या देखरेखीखाली होता. त्यातील ज्या भागाची गुंतवणूक ते स्वतःच्या विचाराने करीत, तो आरंभी सुमारे ३०,००० पौंडांचा होता. २१ एप्रिल १९४६ रोजी केन्स यांचे निधन झाले, तेव्हा तो सुमारे ३,८०,००० पौंडांवर पोहोचला होता.